एकत्र राहणं जमतं का? धाराशिव जिल्ह्यातले काही दाखले



आजचा विषय एका प्रश्नातून निघाला आहे. गावात वाडा आहे, वाड्याला कुलूप आहे. मुलं पुण्याला, हैदराबादला. घरात दोघंच, किंवा आता एकटंच कुणीतरी. अशी माणसं भेटली की हल्ली हमखास विचारतात, "आम्ही चार-पाच घरांनी मिळून एक जागा घेतली, एकच स्वयंपाकघर ठेवलं, एकमेकांच्या आधाराने राहिलो, तर जमेल का हो?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन उत्तरं तयार असतात. पहिलं: "छे! सख्ख्या भावांचं बांधावरून जमत नाही, तिथे परक्यांचं काय जमणार?" दुसरं: "त्यात नवीन काय? आपली एकत्र कुटुंबं होतीच की." दोन्ही उत्तरं घाईची आहेत. पहिल्याला इतिहास माहीत नाही, आणि दुसऱ्याने प्रश्न नीट ऐकलेला नाही.

प्रश्न आहे स्वेच्छेने एकत्र राहण्याचा. एकत्र कुटुंबात माणूस जन्माने येतो किंवा लग्नाने येतो. त्या घरातल्या सुनेला "ही चूल तुला मान्य आहे का?" असं कुणी विचारलेलं नसतं. ऊसतोडीची टोळीसुद्धा सहा-सहा महिने फडावर कोप्या घालून एकत्र राहते. पण तिथे उचल घेतलेली असते, पोटाची गरज असते. मध्येच "मी चाललो" म्हणायची सोय नसते. म्हणून आज आपण तीन खुणा धरून चालू. माणूस आपणहून आला पाहिजे. त्याने काहीतरी सामाईक केलं पाहिजे: पैसा, श्रम, चूल, वेळ. आणि त्याला जाता आलं पाहिजे. या तीन खुणा असलेले दाखले शोधायला फार लांब जायला नको. आपल्या धाराशिव जिल्ह्यातच सुरुवात करता येते.

लेण्यांतल्या खोल्या

धाराशिव शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात लेणी आहेत. बहुतेक अभ्यासक त्यांतली मुख्य लेणी साधारण पाचव्या-सहाव्या शतकातली मानतात. ती मुळात बौद्ध की जैन, यावर वाद झालेला आहे. आधी बौद्ध आणि नंतर जैन, असं मत बऱ्याच जणांनी मांडलं आहे. त्या वादात आज शिरायचं कारण नाही. दोन्ही परंपरांत तिथे राहणारे लोक घर सोडून आपणहून आलेले होते, एवढं आपल्याला पुरे.

दोन क्रमांकाच्या लेण्यात उभे राहिलो की आराखडा लगेच कळतो. मध्ये मोठा चौकोनी मंडप, समोर गाभारा, आणि मंडपाच्या भोवती लहान लहान खोल्या. मंडप सगळ्यांचा, खोली ज्याची त्याची. बौद्ध विहारांची ही नेहमीचीच रचना. एकत्र राहायचं म्हणजे चोवीस तास एकमेकांच्या तोंडासमोर बसायचं नाही, हे त्या बांधणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

बौद्ध संघाचे नियम विनयपिटकात आहेत. ते वाचताना पदोपदी असं वाटतं की हे कुठल्या स्वप्नाळू माणसांनी लिहिलेलं नाही. भांडणं बघून बघून लिहिलेलं आहे. भिक्षूच्या स्वतःच्या मालकीच्या वस्तू किती? परंपरेने आठ मोजल्या जातात: तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं गाळणं. बाकी विहार, जमीन, खाटा, मोठी भांडी संघाची. आणि ही संघाची मालमत्ता सगळ्या भिक्षूंनी एकमताने ठरवलं तरी आपसांत वाटून घेता येत नाही. का? कारण ती आजच्या भिक्षूंची नाही, उद्या येणाऱ्यांचीही आहे. आणखी एक नियम बघा. संघाची खाट उघड्यावर काढली आणि ती परत न ठेवता, कुणाला न सांगता निघून गेलं, तर तो दोष. सामाईक वस्तू कोण उचलून ठेवणार, हे भांडण त्या काळीही होतंच.

ते भांडण किती लांब जाऊ शकतं? विनयातच कोसंबीची कथा आहे. एका भिक्षूने शौचाला गेल्यावर भांड्यात थोडं पाणी तसंच ठेवलं. दुसरा म्हणाला, हा दोष आहे. पहिला म्हणाला, मला माहीत नव्हतं. यावरून दोन तट पडले, बहिष्कार झाला, संघ फुटायची वेळ आली. खुद्द बुद्धांनी समजावलं तरी कुणी ऐकेना. शेवटी बुद्ध त्यांना सोडून रानात निघून गेले. मग भांडण मिटलं कसं? कोसंबीच्या गृहस्थांनी भिक्षा बंद केली, तेव्हा! पोटाला चिमटा बसल्यावर मंडळी बुद्धांकडे गेली आणि समेट झाला.

कथा गमतीची वाटते, पण तिच्यात दोन मोठ्या गोष्टी आहेत. एक, सहजीवन मोडतं ते तत्त्वज्ञानावरून क्वचित, तांब्यातल्या पाण्यावरून जास्त. दोन, संघ स्वतःच्या पायावर उभा नव्हता. भिक्षूला जमीन खणायलाही मनाई होती. त्याचं अन्न गृहस्थाच्या चुलीवरून येत होतं. आपल्याच जिल्ह्यातलं तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे मोठं व्यापारी केंद्र होतं. 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात ते पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगितलं आहे आणि तिथून भडोचला कापड जात असे, असंही म्हटलं आहे. दान देणारी घरं आणि व्यापारी असतील तिथेच विहार चालायचे. संसार सोडलेल्यांना संसारी माणसांनी पोसलं, हे सांगितल्याशिवाय संघाचं कौतुक पुरं होत नाही.

आता संघात येण्याजाण्याचं दार बघू. कर्जदाराला, राजाच्या सैनिकाला, दासाला संघात घेत नसत. आई-बापांची परवानगी लागे. म्हणजे मागे कुणाचा हक्क अडकवून आलेला माणूस नको. आणि जायचं असेल तर? दुसऱ्या माणसासमोर "मी हे सोडतो" असं स्पष्ट म्हटलं की झालं. त्याला दंड नाही. दर पंधरवड्याला सगळ्यांनी जमून नियमांचं पठण करायचं. पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहिल्यावर शेवटी प्रत्येकाने इतरांना म्हणायचं की माझं काही चुकलं असेल तर सांगा. तक्रार पोटात ठेवायची नाही, तिला ठरलेला दिवस आहे.

सगळं चांगलंच होतं असंही नाही. भिक्षुणींसाठी आठ जादा नियम होते. शंभर वर्षांच्या भिक्षुणीनेही कालच दीक्षा घेतलेल्या भिक्षूला आधी वंदन करायचं, हा त्यातला एक. स्वेच्छेने आलेल्यांतही समानता आपोआप येत नाही. हा धागा पुढे पुन्हा लागेल.

तेरपासून पंढरीपर्यंत

तेरलाच गोरोबाकाकांची समाधी आहे. संतमेळ्यातले हे वडीलधारे. कुणाचं मडकं पक्कं, कुणाचं कच्चं, हे थापटण्याने तपासण्याची त्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. तेरहून गोरोबाकाकांची पालखी पंढरीला जाते. आता तुम्ही म्हणाल, वारी आणि सहजीवन यांचा काय संबंध? आमच्या मते फार जवळचा आहे. दिंडी हा मराठी माणसाने शोधून काढलेला सहजीवनाचा सगळ्यात टिकाऊ प्रकार आहे, आणि तो टिकाऊ आहे कारण तो तात्पुरता आहे.

आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीचं उदाहरण घेऊ. जवळजवळ तीन आठवडे शेकडो माणसं एका दिंडीत राहतात. वर्गणी ठरलेली. काही ठिकाणी तिला भिशी म्हणतात. चालायचा क्रम ठरलेला. विणेकरी, चोपदार, स्वयंपाक करणारे, राहुट्या ठोकणारे, ट्रक-टँकर सांभाळणारे, सगळी कामं वाटलेली. आणि तक्रारीची सोय? संध्याकाळी तळावर समाज आरती होते. चोपदाराने चोप उंच केला की हजारो टाळ एकदम गप्प होतात. ज्या दिंडीची तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिथे जातो, गाऱ्हाणं ऐकतो, निवाडा होतो. लेण्यांत पंधरवड्याने जे व्हायचं ते इथे रोज संध्याकाळी होतं.

पण दिंडीतही सगळे एका पंगतीला बसत होते का? इरावती कर्वे पंढरीच्या वाटेवर दिंडीबरोबर चालल्या आणि त्यांनी 'वाटचाल' हा लेख लिहिला. एकाच दिंडीतली ब्राह्मण आणि मराठा मंडळी स्वयंपाक आणि जेवण वेगवेगळं करतात, हे त्यांनी पाहिलं आणि ते त्यांना सलत राहिलं. वाट एक, अभंग एक, चूल वेगळी. पंढरपूरचं मंदिर दलितांना खुलं व्हायला साने गुरुजींचं १९४७ चं उपोषण लागलं, हेही विसरून चालणार नाही. म्हणून आम्ही म्हणतो, कुठल्याही सहजीवनाची परीक्षा भजनात घ्यायची नाही, स्वयंपाकघरात घ्यायची. कोण रांधतं, कोण वाढतं, कोण कुणाच्या हातचं खातं आणि भांडी कोण घासतं?

एक शंका इथे रास्त आहे. वारी तर घराण्याची असते, बाप-आजापासून चालत आलेली. मग तिला स्वेच्छा कसं म्हणायचं? खरं आहे, ओढ वारशाने मिळते. पण दरवर्षी निघायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि पंढरीला पोचल्यावर दिंडी मोडते, जो तो घरी जातो. पुढच्या वर्षी नव्याने नाव नोंदवायचं. बापाने चाललेलं मुलाच्या खात्यावर जमा होत नाही.

हिप्परग्याची शाळा

तिसरा दाखला अलीकडचा. लोहारा तालुक्यातलं हिप्परगा. तेव्हा राज्य निजामाचं, सरकारी माध्यमिक शिक्षणाची भाषा उर्दू. अशा काळात १९२१ साली या आडगावात राष्ट्रीय शाळा निघाली. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहून शिकण्याची तिची पद्धत होती. १९२९ च्या सुमारास तिथे एक तरुण आला. नाव व्यंकटेश खेडगीकर, जन्म १९०३ चा. त्याआधी तो दिल्लीत कामगार नेते ना. म. जोशी यांचा सचिव होता. प्रकृती ढासळली होती. हिप्परग्याच्या काळातच त्याने संन्यास घेतला आणि तो स्वामी रामानंद तीर्थ झाला. बाबासाहेब परांजपे यांच्यासारखे ध्येयवादी शिक्षक तिथेच त्यांच्या जोडीला होते.

१९३५ मध्ये स्वामीजी अंबाजोगाईला गेले आणि योगेश्वरी विद्यालयाचं काम त्यांनी हाती घेतलं. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात ते तुरुंगात गेले. पुढे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंतच्या मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांच्याकडे होतं.

आता हिशोब कसा करायचा? हिप्परग्यात स्वामीजी आणि त्यांचे सोबती राहिले ती वर्षं बोटांवर मोजण्याइतकी. नुसत्या वर्षांनी मोजलं तर कुणी म्हणेल, प्रयोग टिकला नाही. आम्हाला तसं वाटत नाही. ती माणसं एकत्र राहण्यासाठी एकत्र राहिली नव्हती. एकत्र राहणं हे साधन होतं, काम दुसरंच होतं. काम मोठं झालं तेव्हा ती बाहेर पडली. सहजीवन मोडलं की ते फसलं, असं आपण फार लवकर म्हणतो. दिंडी दरवर्षी मोडते, तिला कुणी फसली म्हणत नाही.

दुसरी पिढी

इथपर्यंतच्या तिन्ही दाखल्यांत एक गोष्ट सारखी आहे, तुमच्या लक्षात आली असेल. संघात कुणी जन्माला येत नाही. दिंडीत कुणी जन्माला येत नाही. राष्ट्रीय शाळेतही नाही. प्रत्येक पिढीला आत यायचं की नाही हे नव्याने ठरवावं लागतं. मग जिथे माणसं जन्माला येतात, तिथे काय होतं?

यासाठी जरा दूर जाऊ, इस्राएलमधल्या किबुत्झकडे. पहिला किबुत्झ देगानिया, स्थापना १९१०. जमीन सामाईक, जेवणाची खानावळ एक, पगार सगळ्यांना सारखा. मुलांना आई-बापांपासून वेगळं, बालगृहात झोपवायचं, अशीही बऱ्याच किबुत्झांत रीत होती. स्थापना करणारे जिद्दीचे होते आणि त्यांनी हे सगळं स्वतः निवडलं होतं. पण त्यांच्या मुला-नातवंडांनी निवडलं नव्हतं. आधी बालगृहं बंद झाली, मुलं आई-बापांकडे झोपू लागली. १९८० च्या दशकात कर्जाचं संकट आलं. पुढे बहुतेक किबुत्झांनी कामाप्रमाणे वेगवेगळा पगार मान्य केला. देगानियाने हा बदल २००७ मध्ये केला. किबुत्झ संपले नाहीत, आजही आहेत. पण पहिल्या पिढीची स्वेच्छा ही तिसऱ्या पिढीची सक्ती झाली होती, आणि ती सैल केल्यावरच ते पुढे चालले.

आजच्या व्याख्यानाचं सूत्र इथेच आहे. घर, शेत, वाडा वारशाने मिळतो. स्वेच्छा वारशाने मिळत नाही. आपलं एकत्र कुटुंबही याच ठिकाणी तुटलं. भावंडांचं प्रेम आटलं म्हणून तुटलं, असं आपण म्हणतो. खरं तर ज्यांना कधी विचारलंच नव्हतं, त्यांना पहिल्यांदा नोकरीच्या निमित्ताने दार दिसलं आणि ते निघाले.

ज्यांनी निवडलं नाही त्यांचं घर

चौथा दाखला अवघड आहे, पण तो टाळता येणार नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणेश विसर्जनाची रात्र उलटून पहाटे चारच्या सुमाराला भूकंप झाला. लातूर आणि आपला जिल्हा मिळून काही हजार माणसं गेली. किल्लारी, सास्तूर ही नावं जगाला कळली. दगडमातीच्या जाड भिंतींनीच माणसं गाडली. कितीतरी मुलांचे आई-बाप एका रात्रीत गेले.

त्या मुलांसाठी राष्ट्र सेवा दलाच्या कार्यकर्त्यांनी नळदुर्गजवळ एक घर उभं केलं. नाव 'आपलं घर'. पन्नालाल सुराणा यांनी त्याच्यासाठी आपलं आयुष्य दिलं. तिथल्या कार्यकर्त्यांनी एकत्र राहणं निवडलं होतं. मुलांनी निवडलं नव्हतं, त्यांच्यावर ते कोसळलं होतं. वरोऱ्याचं आनंदवनही काही अंशी असंच. १९४९ पासून बाबा आमट्यांनी ते उभं केलं ते कुष्ठरोग झाला म्हणून घराने आणि गावाने बाहेर काढलेल्या माणसांना घेऊन. अशा ठिकाणी "आपणहून आला का?" हा प्रश्न विचारणं क्रूर आहे.

मग तिथे स्वेच्छा कशात असते? आमच्या मते ती शेवटी असते. मुलं शिकतात, मोठी होतात, आपल्या पायांवर उभी राहतात आणि निघतात. घराचं यश त्यांच्या जाण्यात मोजायचं. आणि गेल्यावर कुणी दिवाळीला परत येत असेल, तर ते येणं मात्र पूर्ण स्वेच्छेचं.

मग आपलं काय?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चार-पाच घरांचं जमेल का?

जमेल, असं आम्ही इतिहासाच्या आधाराने म्हणतो. पण प्रेमाच्या भरवशावर नाही. आधी कागद करा. सोडून जाणाऱ्याला किती पैसे, किती दिवसांत परत मिळतील, हे आत येतानाच लिहा. ज्या घराचं दार आतून उघडत नाही तिथे स्वेच्छा उरत नाही. प्रत्येकाला स्वतःची खोली ठेवा, आतून कडी असलेली. तक्रारीचा वार ठरवा आणि त्या दिवशी तक्रार नसली तरी बसा. स्वयंपाकाच्या पाळ्या भिंतीवर लावा आणि त्यांत पुरुषांची नावंही लिहा. नाहीतर चार घरांचं ओझं दोन बायकांच्या कमरेवर येईल आणि त्याला आपण सहजीवन म्हणत बसू. वर्षातून एकदा प्रत्येकाला विचारा, "पुढचं वर्ष राहायचं का?" आणि आपल्या मुलांनी हे पुढे चालवावं, असा हट्ट धरू नका.

एक अडचण तरीही उरते आणि ती सगळ्यात खरी आहे. दार उघडं आहे, पण उठून जायची ताकदच उरली नाही तर? म्हातारपणी एकत्र राहणाऱ्यांना हा दिवस येणारच. ज्याला जाता येत नाही, त्याच्या मर्जीचं काय?

याचं उत्तर शोधताना आम्ही पुन्हा लेण्यांतल्या त्या खोल्यांपाशी येतो. विनयातच आणखी एक प्रसंग आहे. एक भिक्षू अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला. हा काही कुणाच्या उपयोगाचा नाही म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नव्हतं. बुद्धांनी आनंदाला पाणी आणायला लावलं, दोघांनी मिळून त्याला धुतलं, उचलून खाटेवर ठेवलं. मग संघाला बोलावून समज दिली की तुमची सेवा करायला आता आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचे. पण ते नुसत्या उपदेशावर थांबले नाहीत, नियम घालून दिला. आजाऱ्याची सेवा आधी त्याच्या गुरूने किंवा शिष्याने करायची, नाहीतर सोबत राहणाऱ्याने, आणि कुणीच नसेल तर ती सगळ्या संघाची जबाबदारी. आणि पुढे असंही ठरलं की भिक्षू वारला तर त्याचं पात्र आणि चीवर, ज्यांनी शेवटी त्याची सेवा केली त्यांना द्यावं.

ज्याच्याजवळ मोजून आठ वस्तू, त्याच्या पात्रा-चीवराचं पुढे काय, हेसुद्धा त्यांनी ठरवून ठेवलं होतं. आपल्या चार-पाच घरांनी हे पान आधी लिहावं: आपल्यातला कुणी अंथरुणाला खिळला, तर पहिल्या रात्री त्याच्या उशाशी कोण बसणार? त्या पानावर नावं लिहिता आली, तर बाकीचं जमेल.